महाध्यक्ष वज्रकेतूंची झोप

पुण्याच्या प्रकाशकाचं उत्तर आलं तेव्हा दिनानाथराव गॅसपाशी दूध तापवत उभे होते. मोबाइलवर उत्तर वाचता वाचता दूध उतू गेलं, शेगडी विझली, तरी ते वाचतच राहिले. उत्तर तसं चार ओळींचंच होतं. "आपली 'कड्यांचे प्रजासत्ताक' ही राजकीय विज्ञानकादंबरी वाचली. कल्पना भव्य आहे. मात्र पात्रे पटत नाहीत आणि त्यांचे जग डोळ्यांपुढे उभे राहत नाही. लोभ असावा."

"लोभ कसला डोंबलाचा!" दिनानाथराव म्हणाले. हे ते दुधाच्या पातेल्याला म्हणाले, कारण ऐकायला घरात दुसरं कोणी नव्हतं.

सगळी नोकरी त्यांनी चेन्नईजवळच्या आवडी या गावी कारखान्यात रणगाड्यांच्या सुट्या भागांचे आराखडे काढण्यात घालवली होती. निवृत्त झाल्यावर चेन्नईतच तिरुवल्लिकेणीतल्या एका गल्लीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि तिथे पंख्याखाली बसून त्यांनी शनीच्या कड्यांवर एक अख्खं राष्ट्र वसवलं. या राष्ट्राची महासभा नऊ पायऱ्यांची. तळाला श्रमिक, त्यांच्या वर यंत्रपाल, असं करत करत सर्वांत वर महाध्यक्ष वज्रकेतू. वज्रकेतू पहिल्या पानावर हात उंचावून भाषणाला उभा राहतो. त्याला बंडखोर ज्वालामित्र उत्तर देतो. मग वज्रकेतू त्या उत्तराला उत्तर देतो. अधूनमधून एखादा लघुग्रह येऊन आदळतो, तेवढाच काय तो वाचकाला विसावा.

प्रकाशकाचं एक वेळ सोडा. तो पुण्यात बसलेला, अनोळखी माणूस. पण तेच वाक्य आधी प्रमोदिनीने म्हटलं होतं, हे खरं दुखणं होतं. प्रमोदिनी म्हणजे दिनानाथरावांची बायको. कादंबरीची छापील पानं त्यांनी सर्वांत आधी तिच्या हातात दिली होती. दोन आठवडे झाले तरी चाळिसाव्या पानात खोवलेली तिची केसांची पिन पुढे सरकेना. शेवटी त्यांनी जेवताना विचारलं, तेव्हा ती आमटी वाढता वाढता म्हणाली, "अहो, तुमच्या त्या ग्रहावर कोणी राहतच नाही हो. नुसते बोलतात."

"तुला राजकारणातलं काय कळतंय!" दिनानाथराव म्हणाले.

एवढंच झालं. भांडी फुटली नाहीत की आवाज चढले नाहीत. पुढच्या महिन्यात मुलाला, अनयला, मुलगी झाली आणि प्रमोदिनी पुण्याला गेली. "तुम्हीही चला," ती म्हणाली होती. "कादंबरीवर एक हात फिरवतो आणि येतो," हे म्हणाले होते. त्या गोष्टीला आता एक उन्हाळा उलटून गेला. दर रविवारी फोन व्हायचा. त्यात गॅसचा सिलिंडर, रक्तदाबाच्या गोळ्या आणि नातीला, अवनीला, आलेले दात एवढेच विषय असायचे. कादंबरीचं नाव ती काढत नव्हती, "ये" असं हे म्हणत नव्हते. आणि ती चाळिसाव्या पानातली पिन टेबलावरून रोज त्यांच्याकडे बघत होती. खरं सांगायचं तर दिनानाथरावांना अतिशय एकटं वाटत होतं. पण आधी कादंबरी पटली पाहिजे, मग माघार, असा त्यांचा हिशेब होता. ड्राफ्ट्समन माणूस, रेघ मारली की मारली!

"जग उभं राहत नाही म्हणजे काय?" ओटा पुसता पुसता ते गरजले. "उभं करूनच दाखवतो!"

आणि ते खरोखरच कामाला लागले. आराखड्यात चूक सापडत नसेल तर वस्तूचा नमुना बनवून बघायचा, ही कारखान्यातली रीत. हॉलच्या भिंतीला लागून त्यांनी लोखंडी ट्रंक, चपलांचा स्टँड, पुस्तकांचे खोके आणि फळ्या अशा रचल्या की बरोबर नऊ पायऱ्या झाल्या. निरोपाच्या समारंभात मिळालेलं पांढरंशुभ्र वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, त्यांनी वरून खालपर्यंत अंथरलं. महासभा तयार झाली. आता सभासद हवेत.

तेही अगदी अनायासे मिळाले. देवळाच्या तळ्याजवळच्या फुटपाथवर त्या दिवसांत मातीच्या बाहुल्यांचा बाजारच भरला होता. इतक्या बाहुल्या अचानक कुठून आल्या, असा प्रश्न कोणालाही पडला असता. दिनानाथरावांना पडला नाही. त्यांनी टवके उडालेल्यांचा ढीग स्वस्तात उचलला. एक हात वर केलेला ट्रॅफिक पोलीस होता, तो झाला महाध्यक्ष वज्रकेतू. बॅट मोडलेला क्रिकेटवाला झाला ज्वालामित्र. वीणा घेतलेली बाई झाली शास्त्रज्ञ अणुप्रभा, वीणेला त्यांनी किरणयंत्र मानलं. स्प्रिंगवर मान डोलावणाऱ्या तंजावरच्या तीन बाहुल्या सत्ताधारी पक्षात बसल्या. ढिगात काठी टेकलेला एक म्हातारा उरला होता, त्याला खालच्या पायरीच्या कोपऱ्यात उभं केलं. बाकी प्रत्येकाच्या पायाशी नावाची चिठ्ठी लावली.

तमिळ घरांत नवरात्रात अशाच पायऱ्यांवर बाहुल्यांची आरास मांडतात, तिला कोलू म्हणतात, हे आता वाचकांच्या ध्यानात आलंच असेल. पण दिनानाथरावांच्या आलं नाही, याचं कारण समजून घ्यायला हवं. चेन्नईत हयात गेली तरी नवरात्र म्हणजे त्यांच्या लेखी संध्याकाळी घरी येणारं सुंडल. कधी चण्याचं, कधी चवळीचं, वर खोबरं पेरलेलं. प्रमोदिनी चांगली साडी नेसून कुठेतरी जायची आणि येताना पुडी आणायची. हे कारखान्यातून येऊन ती पुडी फस्त करायचे. ती कुठून येते आणि का येते, हे विचारायचं त्यांना कधी सुचलं नाही.

गोंदाचा वास जावा म्हणून त्यांनी दार उघडं ठेवलं होतं. समोरच्या फ्लॅटमधल्या राजसबाई वाळत घातलेले पापड घेऊन गच्चीवरून उतरत होत्या, त्या दारातच थबकल्या. राजसबाई तंजावरच्या जुन्या मराठी घराण्यातल्या. बोलायच्या मराठी, वाचायच्या तमिळ, आणि रागवायच्या दोन्हींत.

"अय्यो! दिनानाथराव!" त्यांचा आवाज जिन्यात घुमला. "कोलू मांडलांत? नऊ पायऱ्यांचा? घरांत बाई नसतां?"

"कोलू? छे छे, अहो, ही तर—"

"आम्हांस एक शब्द सांगितलां नाहींत! प्रमोदिनी इथें असतांना आम्ही दोघी मिळून पाहायास जात होतों, तें ध्यानांत ठेवून मांडलांत ना?" राजसबाईंनी पापडांचं सूप खाली ठेवलं आणि पदराने डोळे टिपले. "पावम हो, बिचारे तुम्ही! किती चांगलें मन तुमचें."

दिनानाथराव सांगणारच होते. ही देवीची आरास नव्हे, शनीच्या कड्यांवरची महासभा आहे, हे वाक्य त्यांच्या ओठांवर आलं होतं. पण कितीतरी महिन्यांत त्यांच्या घराकडे बघून कोणाचा चेहरा इतका फुलला नव्हता.

"हो," ते म्हणाले. "म्हटलं, मांडावा."

इथेच सगळं फिसकटलं.

त्याच संध्याकाळी बेल वाजली. दारात कांजीवरम साड्या नेसलेल्या सात-आठ बायका, पुढे राजसबाई आणि त्यांच्या शेजारी जयंती. जयंती म्हणजे बिल्डिंगच्या रहिवासी संघाची सेक्रेटरी. पाण्याच्या टाकीपासून पार्किंगपर्यंत सगळं तिच्या शब्दावर चालायचं. वज्रकेतूला भाषणं करून जे जमत नव्हतं ते ती नुसत्या नजरेने करायची.

बायका आत आल्या, सतरंजीवर बसल्या आणि कोणी काही सांगायच्या आत एकीने सूर लावला. कोलूपुढे गाणं म्हणायचंच असतं. हुकूमशहा वज्रकेतूपुढे हात जोडून त्या देवीची स्तुती म्हणू लागल्या. तालावर जमीन हलली असावी, कारण सत्ताधारी पक्षाच्या तिन्ही बाहुल्या माना डोलावू लागल्या. दिनानाथराव दारामागे घामाघूम उभे होते.

गाणं संपलं. बायका बसून राहिल्या. दिनानाथराव उभेच राहिले.

"सुंडल?" जयंतीने विचारलं.

"कुंकू कोण देणार?" राजसबाई कुजबुजल्या. "आल्या बायकांस रिकामें पाठवायाचें नाहीं हो!"

घरात होती मारी बिस्किटं आणि पाव. शेवटी राजसबाई आपल्या घरून कुंकवाचा करंडा आणि विड्याची पानं घेऊन आल्या, यजमानीण बनून सगळ्यांना कुंकू लावलं, आणि एकेक मारी बिस्किट पानावर ठेवून दिलं. चेन्नईतल्या नवरात्रात असा प्रसाद त्यापूर्वी कोणी खाल्ला नसेल.

जाता जाता जयंती पायऱ्यांपुढे थांबली. चिठ्ठ्यांकडे बोट दाखवून तिने तमिळमध्ये विचारलं, "सार, थीम काय आहे?"

कादंबरीबद्दल कोणीतरी आपणहून विचारत होतं! दिनानाथरावांना राहवलं नाही. त्यांनी कारखान्यात कमावलेल्या तमिळमध्ये शनी, त्याची कडी, नऊ स्तर, सत्ता आणि क्रांती, सगळं धडाधडा सांगून टाकलं. बायका तोंडात बोट घालून ऐकत होत्या. दिनानाथरावांना वाटलं, जिंकलं.

"आणि दुकान कुठे आहे?" जयंतीने विचारलं.

"कसलं दुकान?"

"प्रत्येक कोलूत चेट्टियार दुकानदार असतो, सार. चेट्टियार आणि त्याची बायको. पुढ्यात तांदूळ, डाळ, मीठ. दुकान नाही तर या लोकांनी खायचं काय?"

"ते जेवत नाहीत. ऊर्जेच्या गोळ्या घेतात."

"मग गोळ्या कोण विकतो?"

एवढ्या मोठ्या कादंबरीत, इतक्या राज्यघटना आणि इतकी भाषणं झाली तरी गोळ्या कोण विकतो, हे त्यांनाच माहीत नव्हतं.

"आणि हा राजा एकटाच?" मागून दुसऱ्या कोणीतरी वज्रकेतूकडे बघून विचारलं. "राणी कुठे आहे?"

दिनानाथराव काही बोलायच्या आत राजसबाई ठसक्यात म्हणाल्या, "पुण्यास गेली आहे. नातीस पाहायास."

सगळ्या बायकांनी एकदम "अय्यो, पावम" केलं आणि वज्रकेतूकडे असं काही हळहळून पाहिलं की दिनानाथरावांनी पटकन स्वयंपाकघरात जाऊन पंप चालू केला. टाकी भरलेली होती, पण निमित्त हवं होतं.

दुसऱ्या दिवसापासून त्या ग्रहावर वस्ती वाढू लागली. जयंतीने स्वतःच्या घरचा जादा चेट्टियार आणून दिला. ढेरपोट्या, कपाळाला विभूती, शेजारी त्याची चेट्टिच्ची, पुढ्यात खऱ्या तांदळाचे आणि तुरीच्या डाळीचे छोटे छोटे ढीग. दोघांना त्यांनी तिसऱ्या पायरीवर, म्हणजे नेमकं अवकाशयान उतरायच्या जागी बसवलं. दिनानाथराव कळवळले, "अहो, तिथे यान उतरतं!" राजसबाई म्हणाल्या, "उतरूं दे की. उतरून लोक सामान घेतील." कोणी गाय आणली, कोणी विहीर. राजसबाईंनी आपल्या माहेरच्या मरपाची, म्हणजे लाकडी नवरा-बायको बाहुल्यांची जोडी, आणून वरच्या पायरीवर वज्रकेतूच्या शेजारी उभी केली. जोडीशिवाय कोलू होतच नाही, असं त्यांचं म्हणणं. ज्वालामित्राला बॅट नव्हती, म्हणून तळमजल्यावरच्या बाईंनी त्याच्या हातात आइस्क्रीमची काडी चिकटवून दिली.

आपलं राष्ट्र डोळ्यांदेखत बायकांनी बळकावलं, याचा दिनानाथरावांना संताप यायला हवा होता, आणि पहिले दोन दिवस तो आलाही. पण त्या घरात आता रोज संध्याकाळी माणसं होती. ते सकाळी चणे भिजत घालू लागले. पहिल्या खेपेला चणे असे कडक राहिले की तळमजल्यावरच्या बाईंची कवळी हलली. मग राजसबाईंनी सोडा किती घालायचा ते दाखवलं. दुपारी ते घड्याळाकडे बघत बसत आणि पाच वाजायच्या आत अंगावर इस्त्रीचा शर्ट असे. बायका गेल्यावर हॉलमध्ये जाईच्या गजऱ्यांचा वास राहायचा आणि घर आधीपेक्षाही रिकामं वाटायचं. तेव्हा ते चेट्टियारसमोर सतरंजीवर बसून राहात. एकदा त्यांनी वहीत लिहायला घेतलं, 'ऊर्जेच्या गोळ्यांचा दुकानदार वज्रकेतूला म्हणाला, मागची उधारी?' आणि ते स्वतःशीच हसले. त्या कादंबरीतलं हे पहिलं वाक्य, जे लिहून ते हसले.

संकट आलं ते भलत्याच बाजूने. रहिवासी संघाच्या कोलू-स्पर्धेसाठी जयंतीने सगळ्या कोलूंचे फोटो बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकले. प्रमोदिनी पुण्याला गेली असली तरी ग्रुपवर होतीच. अष्टमीला भर दुपारी तिचा फोन आला. रविवार नव्हता.

"अहो," प्रमोदिनी म्हणाली, "तुम्ही कोलू मांडलात?"

"अं... हो."

"तुम्ही?"

"मीच. का?"

मग ती म्हणाली, "फोटोत सगळ्या बायकाच दिसतायत, मागचं काही दिसत नाही. दसऱ्याला व्हिडिओवर दाखवा मला." तिचा आवाज काही नेहमीसारखा नव्हता. गॅस सिलिंडरबद्दल बोलतानाचा तर मुळीच नव्हता.

फोन ठेवल्यावर दिनानाथराव खुर्चीत कोसळले. तिचा समज झाला होता की नवऱ्याने तिची आठवण म्हणून कोलू मांडला! आणि दसऱ्याला ती बघणार काय, तर तीच कादंबरी. जिच्या चाळिसाव्या पानावर पिन अडकली, जिच्यापायी ते दोघं दोन गावांत राहत होते, ती कादंबरी नऊ पायऱ्यांवर नावांच्या चिठ्ठ्यांसकट! आता सगळं संपलं. रविवारचा फोनही बंद होणार. बिल्डिंगमध्ये देवनागरी कोणाला वाचता येत नव्हतं म्हणून आजवर निभावलं. प्रमोदिनीला येत होतं.

"तें काय मोठें?" त्यांनी कसंबसं खरं सांगितल्यावर राजसबाई म्हणाल्या. "चिठ्ठ्या काढून टाका."

पण चिठ्ठ्या कारखान्याच्या गोंदाने चिकटवल्या होत्या. या गोंदाने रणगाड्याचा पत्राही सुटत नाही. ओढल्या तर वेष्टी फाटायला लागलं.

"मग महासभाच मोडतो. आताच्या आता," दिनानाथराव म्हणाले.

"खबरदार!" राजसबाईंनी डोळे वटारले. "दसरा झाल्याशिवाय हात लावायाचा नाहीं. आणि ऐका, एकदां मांडला तर पुढें दर वर्षीं मांडायाचा. मध्यें सोडायाचा नाहीं. तुम्हांस कोणी सांगितलें नाहीं कां?"

दर वर्षी! कादंबरी कोणी छापत नव्हतं आणि हिची दरसालची आवृत्ती निघणार होती.

दसऱ्याला सकाळी जयंतीने स्पर्धेचा निकाल लिफ्टशेजारच्या फळ्यावर लावला. दिनानाथरावांना उत्तेजनार्थ बक्षीस, एक स्टीलचा डबा. खाली परीक्षकांचा शेरा होता आणि तो जयंतीने त्यांना मोठ्याने वाचून दाखवला. "कल्पना भव्य आहे. राजकारण समजलं नाही. दुकान फार छान."

संध्याकाळी सहाला राजसबाईंनी आरतीचं तबक लावलं आणि दिनानाथरावांच्या हातातून फोन काढून घेतला. "तुम्ही सुंडलाकडे पाहा. मी दाखवतें." दिनानाथराव स्वयंपाकघरात गेले. तिथून हॉलमधला शब्द न् शब्द ऐकू येत होता. ते हातात डाव धरून नुसते उभे राहिले.

"राजसबाई, जरा वर घ्या ना फोन," प्रमोदिनीचा आवाज आला. "हं. हे काय लिहिलंय? वज्रकेतू."

दिनानाथरावांनी डोळे मिटून घेतले.

"म्हणजे ही महासभा आहे," प्रमोदिनी म्हणाली.

"कोलूच आहे हो," राजसबाई घाईने म्हणाल्या. "थोडा निराळा."

"खाली घ्या. ज्वालामित्र. त्याच्या हातात आइस्क्रीमची काडी का आहे? असू दे, शोभतेय. ही अणुप्रभा. अगबाई, दुकान! हे दुकान पुस्तकात नाही हो!" ती चक्क हसली. "अजून खाली. तिथे कोपऱ्यात काठी घेऊन कोण उभा आहे?"

"त्यास नांवच नाहीं," राजसबाई म्हणाल्या. "कोणी म्हातारा आहे."

"नाव कसं असेल? पुस्तकातही त्याला नाव नाही. सगळी सभा उठून गेल्यावर दिवे मालवायला येतो तो. शेवटच्या पानावर. चार ओळी आहेत त्याला, पण तेवढाच एक माणूस खरा वाटतो."

दिनानाथरावांच्या हातातला डाव कढईत पडला. ते तसेच, हाताला हळद लागलेली, हॉलमध्ये आले आणि फोनसमोर उभे राहिले.

"तू शेवटचं पान वाचलंस?"

"वाचलं की."

"पण पिन तर चाळिसाव्या—"

"अहो, पिन मी विसरले तिथेच. तुम्ही अनयला फाइल पाठवली होतीत ना, त्याने कुठली वाचायला! मी त्याच्या टॅबवर वाचली. दोनदा."

"दोनदा?" दिनानाथरावांचा आवाज फुटला. "मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत का? दर रविवारी सिलिंडर आला का आणि गोळ्या घेतल्या का!" मग तिचा आवाज जरा खाली आला. "आणि खरं सांगू का, अवनीला झोपवायला तेच लागतं. मांडीवर घेऊन मोठ्याने वाचायला लागलं, की ज्वालामित्राच्या दुसऱ्या परिच्छेदाला डोळे मिटतात पोरीचे. अंगाईने झोपत नाही, ती तुमच्या क्रांतीने झोपते."

राजसबाई तोंडाला पदर लावून हसू लागल्या. दिनानाथरावांना रागवावं की रडावं ते कळेना. ते रडले. आपली कादंबरी घरात रोज कोणीतरी वाचत होतं, रोज कोणीतरी ऐकत होतं, आणि ते इकडे मोठ्या तोऱ्यात उपाशी बसले होते.

"पात्रं पटली का पण?" डोळे पुसत त्यांनी विचारलंच.

"नाही," प्रमोदिनी म्हणाली.

"आतां एक बाहुली निजवायाची," राजसबाईंनी तबक उचललं. "दसऱ्याचे संध्याकाळीं एकीस आडवें केलें म्हणजे कोलू संपला. कोणास निजवूं? ही मरपाची?"

"वज्रकेतूला," प्रमोदिनी फोनमधून म्हणाली. "सबंध पुस्तकात एकदाही पाठ टेकली नाही बिचाऱ्याने. सारखा हात वर करून उभा. निजवा हो त्याला."

दिनानाथरावांनी शनीच्या महाध्यक्षांना दोन्ही हातांनी उचललं आणि पायरीवर अलगद आडवं केलं. राजसबाईंनी आरती ओवाळली. महाध्यक्ष निजले, पण भाषणाचा हात वरच राहिला. प्रमोदिनी म्हणाली, "पांघरूण घाला काहीतरी." त्यांनी खिशातला धुतलेला रुमाल घातला, तर त्या हातामुळे त्याचा तंबू झाला.

"बाहुल्या एकट्याने गुंडाळायला बसू नका," प्रमोदिनी म्हणाली. "नाकं फोडाल. मी शनिवारी येतेय."

"ये," दिनानाथराव म्हणाले. एवढासा शब्द, पण उन्हाळ्यापासून अडलेला होता. "आणि अवनीला कोण झोपवेल?"

"तेच म्हणतेय. तुमच्या आवाजात पहिलं प्रकरण फोनवर भरून पाठवा. अनय लावेल तिला. पुढचं पुढे बघू, मग दोघांनी मिळून इकडे यायचं."

राजसबाई विडा घेऊन घरी गेल्या. दिनानाथरावांनी जेवून घेतलं, चाळिसाव्या पानातली पिन काढून खिशात ठेवली आणि पानं घेऊन कोलूसमोरच्या सतरंजीवर लोडाला टेकून बसले. फोनचं बटण दाबलं, घसा खाकरला आणि महाध्यक्षांची झोप मोडू नये अशा बेताने हळू आवाजात वाचायला सुरुवात केली.

सकाळी ते जागे झाले तेव्हा ऊन पायऱ्यांवर आलं होतं, पानं छातीवर पसरली होती आणि फोन कुशीखाली होता. रेकॉर्डिंग कधी थांबलं आणि बोट लागून ते कधी पुण्याला गेलं, त्यांना पत्ता नव्हता. वर प्रमोदिनीचं उत्तर येऊन पडलं होतं.

"मिळालं. अवनी झोपली. भाषण दुसऱ्या परिच्छेदातच तुटतं आणि पुढे नुसतं तुमचं घोरणं आहे. तेवढं मात्र अगदी पटतं."